आदिलाबादचा संथ घरबाजार

२०१६ सालच्या विजयादशमीस, म्हणजे ११ ऑक्टोबर रोजी, तेलंगण राज्याने आपल्या जिल्ह्यांची फेरमांडणी केली आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार भाग झाले. २०११ च्या शिरगणतीत सुमारे २७ लाख वस्ती असलेल्या त्या विस्तीर्ण मुलखातून मंचेरियाल, निर्मल आणि कोमुरम भीम आसिफाबाद हे तीन जिल्हे वेगळे निघाले, व मूळ नाव धारण करणारा आदिलाबाद जिल्हा सुमारे सात लाख वस्तीचा उरला. कारभाराच्या सोयीसाठी उचललेल्या या पावलाचा एक परिणाम कारभाराशी मुळीच संबंध नसलेला होता. नवा जिल्हा म्हणजे नवी कलेक्टर कचेरी, कचेरीमागे अधिकारी व कारकून, त्यांच्यामागे शाळा, दवाखाने आणि दुकाने, असा हिशेब मांडला जाऊन गावाबाहेरच्या शेतांत चुन्याच्या रेषा ओढल्या गेल्या, सिमेंटचे खुंट रोवले गेले, आणि काल जेथे कापूस वेचला जात होता त्या रानाची चौरस गजावर विक्री सुरू झाली. त्या खुंटांपैकी कित्येकांभोवती आज गवत वाढले आहे. घर बांधावयास कोणी आले नाही आणि प्लॉट घ्यावयास नवे गिऱ्हाईक येत नाही, अशी तक्रार तेथील मध्यस्थ, गवंडी आणि प्लॉटधारक हे तिघेही करीत असतात. बाजार बसला, असे एकमेकांस सांगण्याची तेथे चढाओढच लागलेली दिसते.

समुद्रकाठच्या वर्तमानपत्राने पैनगंगेच्या काठच्या घरांची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण भाषेचे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, पैकी राजुरा पुढे १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. उलट नांदेडकडील मुधोळ, भैंसा हा भाग आदिलाबादेत आला. रेषा अशी कशीही फिरली तरी सोयरिकी फिरल्या नाहीत. आदिलाबाद, बेला, जैनद, भैंसा या बाजूस आजही मराठी बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या लेकी नांदेड-यवतमाळात नांदतात आणि मुंबईहून निघणारी नंदिग्राम एक्सप्रेस किनवट ओलांडून त्यांच्या स्टेशनात थांबते. दुसरे कारण आमच्या स्वतःच्या अनुभवाचे आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे येऊ. गोमंतकात जमिनीचा भाव हा रोजच्या संभाषणाचा विषय झालेला असताना, जेथे भाव हलत नाही अशा मुलखाकडे एकदा नीट पाहणे आम्हांसही उपकारक ठरेल.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, आदिलाबादेत घर घेणारा मनुष्य हैदराबादेत घर घेणाऱ्याहून अगदी निराळा आहे. हैदराबाद तेथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. तेथील संगणक कंपन्यांचा पगार, परदेशातून येणारा पैसा आणि उंच इमारती यांची झळ या टोकापर्यंत फारशी पोहोचत नाही. येथे घर घेतो तो शिक्षक, बँकेतला कारकून, जिनिंगचा मुकादम, आणि मुख्यतः कापूस पिकविणारा शेतकरी. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात एक बिऱ्हाड असावे, म्हातारपणी दवाखाना जवळ असावा, एवढीच त्याची इच्छा असते. त्याचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. दसऱ्यापासून संक्रांतीनंतरपर्यंत आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि कापसाला बरा भाव मिळाला तर त्या वर्षी बयाणा दिला जातो, न मिळाला तर घराचा विचार पुढल्या दसऱ्यावर जातो. कापसात ओलावा किती, या प्रश्नावरून तेथे दरवर्षी खडाजंगी होते, कारण सरकारी कापूस महामंडळ आठ टक्के ओलावा प्रमाण धरते, त्यावर कपात करते आणि बारा टक्क्यांपलीकडे माल घेत नाही. अवकाळी पाऊस झाला की कापूस ओला, म्हणून भाव कमी, म्हणून घर लांबणीवर. ज्या बाजाराची नाडी अशी परतीच्या पावसाशी बांधलेली आहे त्याचा वेग महिन्यामहिन्याने मोजणे म्हणजे आंब्याच्या कलमास रोज उपटून मूळ धरले की नाही ते पाहण्यासारखे आहे.

मंदी म्हणून जिला नावे ठेवली जातात तिचा बराच भाग तर सरकारी कागदांतून उपजलेला आहे. २०२० च्या ऑगस्टात तेलंगण सरकारने मंजुरी नसलेल्या लेआउटांतील प्लॉटांच्या नोंदणीस अटकाव केला आणि असे प्लॉट दंड भरून नियमित करून घेण्याची योजना पुढे आणली. पाठोपाठ सप्टेंबरात सगळीच नोंदणी थांबली. धरणी नावाची नवी व्यवस्था ऑक्टोबरअखेर आली, आणि बिगरशेती मिळकतींची नोंदणी पुन्हा सुरू व्हावयास डिसेंबर उजाडला. २०२१ च्या जुलैत मुद्रांक व नोंदणीचा एकूण भार सहा टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर गेला व सरकारी मूल्यांकनही वाढले. धरणीविषयी तक्रारींचा डोंगर साचला. २०२५ साली तिच्या जागी भूभारती आली, आणि त्याच साली दंडात पंचवीस टक्के सूट देऊन अडकलेले प्लॉट मोकळे करण्याचा प्रयत्न झाला. पाच वर्षांत इतके फेरफार झाल्यावर शहाणा मनुष्य हात आखडता घेईल, यात नवल ते काय? ज्याने शंभर दीडशे गजांचा तुकडा कच्च्या कागदावर घेतला त्याला तो विकता येत नाही, आणि ज्याला घ्यावयाचा आहे त्याला कागद पटत नाही. याला बाजाराची मंदी म्हणण्यापेक्षा बाजाराची झाडलोट म्हणणे अधिक योग्य ठरेल. ती झाडलोट अर्धवट आहे, धूळ पुष्कळ उडाली आहे, आणि त्या धुळीत काही गरिबांची बचत अडकली आहे, हेही तितकेच खरे.

आता दीर्घ दृष्टी म्हणजे काय याचा एक बोलका दाखला जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच आहे. कागजनगर हे गाव पूर्वी कोथापेट नावाने ओळखले जाई. निजामाच्या राजवटीत, १९३८ साली, तेथे सिरपूर पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली, १९४२ मध्ये कागद निघू लागला, आणि गावाने आपले नावही गिरणीवरून घेतले. सत्तर वर्षे त्या गावाचे घड्याळ गिरणीच्या पाळ्यांवर चालले. २०१४ च्या सप्टेंबरात गिरणी बंद पडली. कामगार, कंत्राटी मजूर, बांबूच्या गाड्या आणणारे, चहाची टपरी चालविणारे, सर्वांचाच आधार एकदम गेला. घरमालकांचे भाडेकरू उठून गेले तर त्यात आश्चर्य नव्हते, आणि ज्यांना घर विकून दुसरीकडे जाणे भाग पडले त्यांना मोल मिळाले नसणार, हे सांगावयास कोणी जाणकार नको. पुढे दिवाळखोरी कायद्याखालच्या कारवाईत जेके पेपर या कंपनीने २०१८ साली गिरणी घेतली आणि त्याच वर्षी ती पुन्हा सुरू करण्यात आली. मध्ये गेली ती चार वर्षे. घराच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे काही नव्हे, घरातल्या माणसाच्या आयुष्यात मात्र ती मुलीचे लग्न, मुलाचे कॉलेज आणि आईचे आजारपण एवढ्यांना पुरतात.

म्हणूनच धीर धरा असा उपदेश करणाऱ्यांचा आम्हांस थोडा संशय येतो. धीर धरण्याचीही ऐपत असावी लागते. ज्याच्या घरात दुसरी मिळकत होती, जो भाऊ चंद्रपुरास किंवा बल्लारपुरास कामाला लागू शकला, त्याच्या घराने ती चार वर्षे काढली. ज्याच्याकडे असे काही नव्हते त्याने पडेल भावाला विकले, आणि तो चुकला असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. शिवाय गिरणी सुरू झाली म्हणजे जुनी सर्व माणसे जुन्याच अटींवर परत कामास लागली, असेही घडत नसते. कागजनगरचा बोध एवढाच की, २०१६ साली तेथे घरास येणाऱ्या भावात बंद भोंग्याची धास्तीही मोजलेली होती, आणि ती धास्ती कायमची नव्हती.

परंतु याच मुलखात याच्या उलट दाखलाही आहे, आणि तो दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आदिलाबाद शहराजवळ सरकारी सिमेंट महामंडळाने कारखाना काढला. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात तो सुरू झाला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले. (कापूस महामंडळ आणि सिमेंट महामंडळ या दोहोंची इंग्रजी आद्याक्षरे एकच आहेत, त्यामुळे आदिलाबादेत सीसीआय म्हटले की कोणी कापसाच्या ओलाव्यावर चिडतो, तर कोणी सिमेंटच्या आठवणीने उसासा टाकतो.) तो कारखाना पुन्हा सुरू होणार, हे आश्वासन त्यानंतरच्या निवडणुकांतून पक्षोपपक्षांनी दिले. चिमणीतून धूर मात्र निघाला नाही. त्या आश्वासनांवर विसंबून ज्यांनी आसपास जमीन धरून ठेवली त्यांनी दीर्घ दृष्टी ठेवली, असे म्हणावे काय? तिकडे बेल्लमपल्ली या कोळशाच्या गावी जुन्या भूमिगत खाणी एकामागून एक बंद होत गेल्या आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत गावाची वस्ती वाढण्याऐवजी घटली. कंपनीच्या जमिनीवर वसलेल्या तेथील वसाहतींत घराच्या पट्ट्याचा प्रश्नही वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. शेजारचे मंचेरियाल मात्र रेल्वे, व्यापार आणि जयपूर येथे २०१६ साली उभे राहिलेले सिंगरेणीचे बाराशे मेगावॉटचे वीजकेंद्र यांच्या बळावर वाढत आहे. दोन गावांमधले अंतर थोडे, कोळसाही एकाच कंपनीचा. पण एकाचा बाजार संथ आहे आणि दुसऱ्याचा ओसरतो आहे, हा भेद नजरेआड केला तर धीर आणि हट्ट यांतला फरकच उरणार नाही.

हा भेद ओळखावा कसा? आमच्या मते विक्रीच्या भावाकडे पाहून तो कळत नाही. विक्रीचा भाव हा पुष्कळदा लोकांच्या आशेचा भाव असतो. जिल्हा जाहीर झाला की चढतो, मंत्री बदलला की उतरतो. भाडे तसे नसते. भाडे देणारा मनुष्य उद्याच्या विमानतळासाठी पैसे मोजीत नाही, तो आजच्या छपरासाठी, आजच्या नळाच्या पाण्यासाठी आणि मुलाच्या शाळेच्या अंतरासाठी मोजतो. ज्या गावी विक्री मंदावली आहे पण रिकामी खोली महिन्याभरात भरते, त्या गावाची चिंता करण्याचे कारण नाही. ज्या गावी भाव कागदोपत्री टिकून आहे पण कुलपे वाढत आहेत, तेथे काळजी करावी. शाळेतील पहिलीच्या वर्गाची पटसंख्या, किराणा दुकानदार उधारी किती दिवसांची देतो, आणि हैदराबाद-पुण्यास गेलेली मुले सणाला येऊन घराला रंग देऊन जातात की नुसती पाहून जातात, या गोष्टी मध्यस्थाच्या फळ्यावर लिहिलेल्या नसतात. पण गावातल्या कोणाही जाणत्या बाईला त्या ठाऊक असतात.

साधे अंकगणितही विसरता कामा नये. वर्षास पाच टक्के महागाई धरली तर दहा वर्षे एकाच जागी उभा राहिलेला भाव प्रत्यक्षात सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरलेला असतो. म्हणून, जमीन कधी बुडत नाही, हे आमच्या आजोबांचे वाक्य राहत्या घरापुरते खरे असले तरी रिकाम्या प्लॉटापुरते अर्धेच खरे आहे. राहते घर दर महिन्यास भाडे वाचविते, रिकामा प्लॉट काहीच वाचवीत नाही. आणि तो प्लॉट शेकडा दरमहा दोन रुपये व्याजाने घेतलेल्या रकमेतून आला असेल तर पन्नास महिन्यांत व्याज मुद्दलाइतके होते. अशा प्लॉटास कवटाळून बसणाऱ्याचा धीर सावकारास फळतो. ज्याचे कर्ज असे आहे त्याने पडत्या भावातही विकून मोकळे व्हावे, हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. बाकीच्यांनी, ज्यांनी स्वतःच्या शिलकेतून राहण्यासाठी घर घेतले किंवा बांधले आहे त्यांनी, शेजाऱ्याचा प्लॉट कितीला गेला याची चौकशी काही वर्षे सोडून दिली तरी त्यांचे काही बिघडणार नाही.

यानंतर एक गोष्ट अशी आहे की जिच्याविषयी आमचे मत काही वाचकांस कडू वाटेल. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा मोठा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र आहे. उटनूर, इंद्रवेल्ली, जैनूर या बाजूस गोंड, कोलाम, परधान यांची वस्ती आहे आणि १९५९ च्या जमीन हस्तांतरण नियमनास १९७० साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे या क्षेत्रात बिगरआदिवासीस जमीन घेता येत नाही. बिगरआदिवासीने दुसऱ्या बिगरआदिवासीस विकण्यासही बंदी आहे. प्लॉटांचे व्यापारी या कायद्याकडे बाजाराच्या पायातील बेडी म्हणून बोट दाखवितात. महाराष्ट्रातून आणि तेलंगणाच्या मैदानी भागातून गेलेल्या मराठी व तेलुगू व्यापाऱ्यांनी, आणि त्यांत आपलेही भाषाबांधव होते, सावकारीच्या मार्गाने गोंडांच्या जमिनी कशा घेतल्या याचा इतिहास मात्र ते सांगत नाहीत. जोडेघाटच्या डोंगरात कोमुरम भीमाने १९४० साली प्राण दिले ते जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी. त्यानंतर चार दशकांनी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीस जमिनीच्याच मागणीसाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोक सांगतात तो त्याहून कितीतरी मोठा. ज्या भूमीचा असा इतिहास आहे तेथील बाजार थंड आहे म्हणून खंत करणे म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात दुकान चालत नाही म्हणून कुरकुरण्यासारखे आहे. तो बाजार कायद्याने बंद ठेवला आहे आणि तो बंदच राहिला पाहिजे. कोणा आदिवासी गड्याच्या नावावर खरेदी करून आपण आत राहावयाचे, अशी पळवाट सुचविणारे मध्यस्थ जेथे तेथे आढळतात. त्यांच्या नादी लागून घर बांधणाऱ्याच्या नातवास एक दिवस ते घर सोडावे लागेल. दीर्घ दृष्टीचा विचार करावयाचा तर तो इतका दूरवर केला पाहिजे.

कागदाच्या निर्वेधपणाचे महत्त्व किती, हे पाहावयाचे असेल तर आसिफाबाद आणि चंद्रपूर यांच्या सीमेवरची ती वादग्रस्त गावे पाहावीत, जेथे लोकांची नावे दोन राज्यांच्या मतदारयाद्यांत असतात आणि दोन्ही राज्यांची शिधापत्रिका घरात असते. दोन सरकारांच्या दोन योजना मिळतात, म्हणून बाहेरच्यांस त्याचे कौतुक वाटते. पण जमिनीचा पक्का कागद कोणत्या राज्याचा, हा प्रश्न उभा राहिला म्हणजे त्या कौतुकाचा उपयोग होत नाही.

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे. डिचोली, सांगे, कुडचडे, सावर्डे या पट्ट्यात २०१२ सालच्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा ट्रकांच्या रांगा अंगणांत उभ्या राहिल्या, खोल्या रिकाम्या पडल्या, आणि बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. २०१४ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून मार्ग मोकळा केला, काम सुरू झाले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये ते पुन्हा थांबले. पहिल्या खंडानंतर सर्व पूर्ववत झाले असे मानून ज्यांनी नवे कर्ज काढले त्यांची दुसऱ्या खंडात काय स्थिती झाली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच काळात किनाऱ्यावर मात्र परगावच्या खरेदीदारांनी सुटीपुरती घरे घेऊन भाव असे चढविले की शिवोली-हणजूणच्या मुलास आपल्याच गावात चार भिंती परवडेनात. म्हणजे एकाच लहानशा राज्यात एका बाजूस बाजार गोठला होता आणि दुसऱ्या बाजूस उतू जात होता, आणि दोन्हीकडे गावचा मनुष्यच अडचणीत होता. कित्येक गोमंतकीय घरे आज उभी आहेत ती भावामुळे उभी नाहीत. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने ज्यांचा खोपटाखालचा पाया टिकला त्यांना बाजाराने ते संरक्षण कधीच दिले नसते. इंद्रवेल्लीचा गोंड आणि पेडण्याचा मुंडकार एकमेकांस ओळखत नसतील, पण एकमेकांची गोष्ट त्यांस चटकन समजेल.

मुंबईच्या गिरणगावाची आठवणही अनेक गोमंतकीय आणि कोकणी कुटुंबांत अजून ताजी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधीच उभ्या राहिल्या नाहीत. चाळीतली खोली मिळेल त्या किमतीस देऊन गावी परतलेले मावळंगे-मालवणकडचे कामगार आम्ही पाहिले आहेत. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच परळ-लालबागेत काचेचे मनोरे चढले आणि जमिनीचे मोल ऐकून त्यांची मुले अवाक झाली. पण येथेही आदिलाबादच्या प्लॉटधारकाने घाईने उदाहरण घेऊ नये. परळचा भाव परत आला तो तेथे मुंबई होती म्हणून. पैनगंगेकाठी दुसरी मुंबई वसणार नाही, आणि वसावी अशी इच्छाही कोणी करू नये.

तेथे येऊ शकतात त्या गोष्टी लहान आणि संथ आहेत. पैनगंगेवरील चनाखा-कोराटा बंधाऱ्याविषयी महाराष्ट्र व तेलंगण यांच्यात २३ ऑगस्ट २०१६ रोजी करार झाला. त्याचे पाणी कोरडवाहू कापसास खरोखर मिळाले तर जैनद-बेला भागातील शेतकऱ्याच्या हाती वर्षातून दोनदा पैसा येईल, आणि त्याचा घरांच्या मागणीवर जो परिणाम होईल तो दहा विमानतळांनी होणार नाही. विमानतळाची गोष्टही तेथे चालू आहेच. हवाई दलाच्या ताब्यातील जुन्या धावपट्टीवर नागरी उड्डाणास २०२५ साली अनुमती मिळाली, आणि ती बातमी येताच मध्यस्थांनी पुन्हा नकाशे उलगडले असतील, याविषयी आम्हांस शंका नाही. आदिलाबाद ते आर्मूर हा लोहमार्ग मात्र मागणीच्याच स्वरूपात राहिला आहे. आजही आदिलाबादच्या प्रवाशास आगगाडीने हैदराबादेस जावयाचे तर मुदखेडचा वळसा घ्यावा लागतो. रेल्वे विमानाइतकी डोळ्यांत भरत नाही. पण मुलगा हैदराबादेस नोकरीस असून महिन्यातून दोनदा घरी येऊ शकतो की नाही, हे ती ठरविते, आणि आईवडिलांचे घर विकावयाचे की डागडुजी करावयाची, हा निर्णय पुष्कळदा त्यावरच होतो.

राज्य सरकारने व नगरपालिकांनी हा संथ काळ वाया घालवू नये. खरेदीविक्रीची धावपळ असते तेव्हा गटार आखता येत नाही, कारण प्रत्येक वीत विकलेली असते. आता ते आखता येईल. लेआउट नियमित करण्यासाठी लोकांनी भरलेली रक्कम त्याच वसाहतीच्या रस्त्यावर, पाण्याच्या नळावर आणि सांडपाण्याच्या वाटेवर खर्च व्हावी, आणि किती रक्कम आली व कोठे खर्च झाली हे वॉर्डच्या कचेरीत मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत लावावे, ही मागणी तेथील मराठी नागरिकांनी लावून धरली पाहिजे. भूभारतीत नोंदीची दुरुस्ती करून घेण्यासाठी मंडल कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यास त्याच्या भाषेत अर्ज लिहून देणारा एक मनुष्य बसविणे हे काही फार खर्चाचे काम नव्हे. कापूस बाजारात येण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, एवढे झाले तर या वर्षीचा बयाणा पक्क्या कागदावर पडेल.